मुक्या खांबांची टोपी

आमच्या महिला सहकारी संस्थेच्या खोलीत आम्ही अकरा जणी बसतो आणि लहान पोरांच्या टोप्या विणतो. साध्या नाही, सोंगाच्या. कुणाला अस्वल हवं असतं, कुणाला घुबड, कुणाला डोक्यावर दोन बटबटीत डोळे असलेला बेडूक. मोबाइलवर फोटो येतो आणि आम्ही क्रोशाची सुई हातात घेतो. झालेल्या टोपीचा आकार मोडू नये म्हणून आत जुन्या पेपरचा बोळा भरायचा, ती पिशवीत घालायची आणि नेकनूरच्या स्टँडवरून पार्सल करायची. मी यातली सगळ्यात जुनी, म्हणून अवघड जनावरं माझ्या वाट्याला येतात. हत्तीची सोंडसुद्धा मी करून दिली आहे. फक्त ससा करत नाही. सशाची ऑर्डर आली की मी ती गुपचूप शेजारणीकडे सरकवते. बायका म्हणतात, म्हातारीचं काहीतरी खूळ आहे. असू दे खूळ.

गेल्या महिन्यात लेकीचा लातूरहून फोन आला. ती तिकडे नोकरीला आहे आणि तिला एक वर्षाची मुलगी आहे. म्हणाली, थंडी सुरू झाली, पिल्लूला टोपी कर, माझी होती तशीच, सशाची, तपकिरी. मी म्हटलं, बेडूक करते, बेडूक लई गोड दिसतो. ती म्हणाली, नाही, ससाच. त्यानंतर ती आणखी एक वाक्य बोलली. ते मी शेवटी सांगेन. ते वाक्य ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही, आणि त्याच्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे.

तिची ती पहिली टोपी मी उसाच्या फडात विणली. फडात मी कशी पोचले, ते आधी सांगायला हवं.

पोरीचा बाप गावातल्या सहकारी दूध संस्थेत होता. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं, फॅट बघायची, कॅन गाडीत चढवायचे. पाऊस दुसऱ्या वर्षीही गेला तेव्हा लोकांनी गुरं कुणी पाहुण्यांकडे, कुणी पालीकडच्या चारा छावणीत नेऊन बांधली. दुधाचे कॅन अर्धे येऊ लागले, मग पाव, मग एक म्हातारी तांब्याभर शेळीचं दूध घेऊन यायची, तेवढंच. संस्थेनं दारावर कागद लावला की संकलन बंद. हा माणूस तरी रोज इस्त्रीचा शर्ट घालून जायचा आणि बंद दाराच्या पायरीवर बसून यायचा. आठ दिवस मी बघितलं. नवव्या दिवशी मी त्याला नको नको ते बोलले. पाण्याचा टँकर चार दिवसांनी एकदा यायचा, घरात पीठ संपत आलेलं, आणि हा पायरीची राखण करतोय.

माझा स्वतःचा तोराही काही कमी नव्हता. मी सातवी शिकलेली. आमच्या गल्लीतल्या विहारात शिवण आणि क्रोशाचा वर्ग चालायचा, त्यात माझा पहिला नंबर. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका गाडीत चढताना बघून मी मनात म्हणायचे, आपल्या हाताला कधी कोयता लागायचा नाही. त्या दिवाळीनंतर तो लागला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. आम्ही दोघं मिळून एक कोयता झालो. सोबत चौथं लागलेली लेक होती, पण लेकरू कोयत्यात धरत नाहीत.

गावातल्या बाकीच्या टोळ्या पार कर्नाटकापर्यंत गेल्या. आम्ही नवखे, म्हणून मुकादमानं आम्हाला जिल्ह्यातच ठेवलं, युसूफ वडगावच्या अंगाला. धरणाच्या पाण्यावर तिथं ऊस उभा होता, पण धरणच आटायला लागलेलं. ऊस वाळून जायच्या आत तोडून कारखान्याला घालायची सगळ्यांना घाई. कारखाना सहकारी, सभासद हातघाईवर आलेले, जो तो आधी माझा फड तोडा म्हणून मुकादमाच्या मागे. आम्ही उजाडायच्या आधी फडात उतरायचो आणि अंधार पडेपर्यंत वाकलेलेच असायचो. उसाची पानं हाताला, गालाला करवतीसारखी कापायची. पहिल्या आठवड्यात माझ्या बोटांना अशा चिरा पडल्या की भाकरी थापताना पिठाला रक्त लागायचं. मी रडायची नाही. मला स्वतःचाच राग यायचा, आणि तो मी नवऱ्यावर काढायची.

लेकीला आम्ही बांधावर ठेवायचो, गोधडीत गुंडाळून. सगळ्यांचीच लेकरं तशी असायची. मला जी भीती होती ती थंडीची नव्हती. वाळलेल्या पानांचा, म्हणजे पाचटाचा, फडभर थर पडलेला असतो. लेकरं ऊब म्हणून त्यात शिरून झोपतात. ऊस भरायला ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन मागं मागं येतो, आणि डायव्हरला मागचं काही दिसत नाही. एके दिवशी ट्रॉलीचं चाक एका तान्ह्या पोरापासून हातभर अंतरावर आलं. आमच्या टोळीतल्या एका म्हातारीनं त्या पोराला पायाला धरून ओढलं म्हणून ते वाचलं. मी हातातली मोळी टाकून बांधाकडे पळत गेले. माझी लेक जागी होती आणि उसाचं कांडं चघळत होती. मी तिला उचललं आणि किती तरी वेळ खाली ठेवलं नाही. मुकादम ओरडत होता, तरी ठेवलं नाही.

संध्याकाळी ती म्हातारी माझ्या कोपीत आली. कोपी म्हणजे बांबूवर चटई टाकून केलेलं खोपट. म्हणाली, "तुला सुई चालवता येती म्हनं. पोरीच्या डोक्याला लाल कायतरी कर. डायव्हरला लांबून दिसलं पायजे." माझ्याकडे लाल मफलर होता, चांगल्या लोकरीचा. क्रोशाची सुई मी घरून येताना अंबाड्यात खोवूनच आणली होती. मफलर उसवून टोपी करायची, हे त्याच क्षणी ठरलं. ती टोपी केली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

दुसऱ्या दिवशी फडात ससा निघाला. फड चारी बाजूंनी तोडत आत जातात, आणि मध्ये उसाचा एक पट्टा उरतो. उसातलं सगळं जनावर मागं सरत सरत त्या पट्ट्यात गोळा होतं. ससा असतो, रानमांजर असतं, कधी डुकराची पिल्लं. शेवटच्या पट्ट्याला माणसं कोयते ठेवतात, दांडकी घेतात आणि गराडा घालतात. बायका बाहेरून ओरडतात. ज्याला आधी दिसेल त्यानं हाळी द्यायची आणि जवळच्यानं दांडकं फेकायचं. ससा घावला तर सगळ्या कोप्यांवर वाटीवाटी रस्सा जातो. महिनोन् महिने चटणी-भाकर खाणाऱ्या माणसांना तो सणच असतो. मी विहारात दर पौर्णिमेला पंचशील म्हणणारी, जिवाची हत्या करणार नाही असं हात जोडून सांगणारी. पहिल्या फडावर मी तोंड फिरवून उभी राहिले होते. नंतर तोंड फिरवणं आपोआप बंद झालं.

त्या दिवशीचा ससा सुटला. तो सरळ बांधावरून, माझ्या लेकीच्या पुढ्यातून गेला. ती त्याच्याकडे बघतच राहिली. मला म्हणाली, "आई, त्याला किती मोठे कान व्हते." तेव्हापासून तिच्या तोंडात दुसरा विषय नाही. लाल टोपी करते म्हटल्यावर तिनं विचारलं, सशाची का? मी म्हटलं, हो, लाल ससा. ती म्हणाली, लाल ससा नसतोय. मी म्हटलं, असतो. ती रडायला लागली. दोन महिन्यांत तिनं काही मागितलं नव्हतं. भूक लागली तरी ती मागायची नाही, माझ्याकडे नुसती बघायची. त्या पोरीनं एक वस्तू मागितली, आणि ती द्यायची माझ्या हातात होती.

पण सगळं तिच्यावर ढकलणं बरोबर नाही. मलाही तो ससाच करायचा होता. इतके दिवस नुसता कोयता चालवून माझं डोकं बधिर झालं होतं. मला काहीतरी नीट, सुबक, माझ्या हाताचं करायचं होतं, बघणाऱ्यानं वाहवा म्हणावी असं. नवऱ्यानं अंगातला तपकिरी स्वेटर काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "उसव. मला तोडताना घामच येतो," म्हणाला. थाप होती. पहाटे तो काखेत हात घालून कुडकुडत उभा असायचा, मी बघत होते. तरी मी उसवला. लाल मफलर गाठोड्यातच राहिला.

क्रोशात दोन टाके मुख्य. एक खांब आणि एक मुका खांब. खांब उंच आणि सैल पडतो. मुका खांब बुटका, पण असा घट्ट की त्यातून वारा जात नाही. मी सगळी टोपी मुक्या खांबाची धरली. दुपारच्या भाकरीनंतर जो घटकाभर मिळायचा त्यात विणायची आणि विणताना पुटपुटत मोजायची, एक मुका, दोन मुके, तीन मुके. लेक जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "कुनाला देतीस?" मला आधी कळलंच नाही. मग मी इतकी हसले की पलीकडच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. तिनं कायदाच केला. एक ओळ पुरी झाली की तिला एक मुका द्यायचा, नाहीतर पुढं विणायचं नाही. कधी मी चुकून दोन ओळी सलग केल्या तर ती सुईच धरून ठेवायची. त्या फडातले सुखाचे दिवस म्हणून मोजायचे झाले तर मी ते सहा-सात दिवस मोजेन.

कानांवर मी जीव ओतला. दुहेरी विणले, इतके आवळून की आत तार न घालता ते ताठ उभे राहिले. आतून फिकट, बाहेरून गडद. शेंड्याला माझ्या वेणीच्या गोंड्यातली काळी लोकर लावली, कारण खऱ्या सशाच्या कानाला शेंड्याला काळं असतं. टोपी घालून लेक कोपीबाहेर आली तेव्हा सगळी टोळी हसली. मुकादमसुद्धा हसला. एकानं चुलीतलं लाकूड उचलून दांडकं फेकल्याचं सोंग केलं आणि धरा धरा म्हणाला. लेक दोन्ही हातांनी कान धरून पळाली. मीही हसत होते. म्हातारी तेवढी हसली नाही. "लाल कर म्हनले व्हते," एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. तिला माझ्या कामाचं काही कौतुक नाही, याचा मला राग आला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी लेकीला ताप आला. दोन दिवस तिनं भाकरीला तोंड लावलं नाही. पाण्यात गूळ कालवून दिला तो उलटला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पण अंगात काही उरलं नव्हतं. डोळे तेवढे मोठे झाले होते. आमचा फड त्या दिवशी संपत आला होता, मध्ये शेवटचा पट्टा राहिला होता. सकाळीच माझ्या मनात आलं, आज ससा घावला तर पोरीला रस्सा मिळेल. वाटीभर गरम रस्सा पोटात गेला तर ती उठून बसेल. हा विचार मी दिवसभर कोयत्यासोबत चालवला. टोपी तिच्या कानांवर ओढली, तिला बांधावर गोधडीत निजवलं आणि कामाला लागले.

दुपार कलली तेव्हा मी ट्रॉलीवर होते. खालून बायका डोक्यावर मोळ्या आणत होत्या आणि मी वर उभी राहून त्या रचत होते. धूळ उडत होती, त्यात शेजारच्या फडात पाचट पेटवल्याचा धूर. खाली माणसांनी पट्ट्याला गराडा घातला होता. पोरीचा बाप माझ्या बाजूच्या कोपऱ्यावर होता, हातात बाभळीचं दांडकं घेऊन. बायका हो हो करून ओरडत होत्या. मी उंचावर होते म्हणून जे कुणाला दिसलं नाही ते मला दिसलं. पट्ट्याच्या कडेला, पाचटाच्या वर, दोन कान. तपकिरी, ताठ, शेंड्याला काळे.

मी ते कान विणले होते. त्यांचा एकेक टाका माझ्या बोटांतून गेला होता. तरी माझ्या मनात आलं ते एवढंच, की रस्सा. भूक होती, धूर होता, लेक बांधावर निजली आहे अशी माझी खात्री होती, हे सगळं मी स्वतःला हजार वेळा सांगितलं आहे. त्यानं काही फरक पडत नाही. मी सगळा जीव एकवटून ओरडले, "ससा! अहो, तिकडं, कडंला!"

माझा आवाज गेला आणि ते कान आणखी वर आले. पोरीच्या बापानं दांडकं फेकलं.

पळणाऱ्या जनावराचा आवाज आला नाही. पाचट खसखसलं आणि थांबलं. मग तो दोन पावलं पुढं गेला, वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. मी ट्रॉलीवरून कशी उतरले ते मला आठवत नाही. लेक उताणी पडली होती. डावा कान लोकरीसकट डोक्यात दबला होता आणि तपकिरी लोकर ओली होऊन काळी पडत होती. तिचे डोळे अर्धे उघडे होते, पण ती बघत नव्हती. मी तिला हाका मारल्या. शेकडो मारल्या असतील. मघाशी गरजेपेक्षा मोठा निघालेला माझा आवाज आता माझ्याच कानांपर्यंत येत नव्हता.

डायव्हरनं भरलेली ट्रॉली जागेवर सोडली आणि नुसता ट्रॅक्टर पळवला. मागं हुकावर एक पाय टेकवून पोरीचा बाप उभा, मी डायव्हरच्या शेजारी चाकाच्या पत्र्यावर, मांडीत ती. रस्ता म्हणजे नुसते दगड. प्रत्येक धक्क्याला तिची मान हलायची आणि ती हलली म्हणून मला बरं वाटायचं, जिवंत असल्यासारखं. गावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी टोपी कात्रीनं कापून काढली. जखम बांधली आणि लगेच अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले, गाडीही त्यांनीच मिळवून दिली. कापलेली टोपी नर्सनं माझ्या हातात दिली. मी ती धरूनच बसले.

अंबाजोगाईला तीन दिवस तिनं डोळे उघडले नाहीत. मी खाटेशी बसून असायची. पोरीचा बाप आत यायचा नाही. बाहेरच्या ओट्यावर बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट द्यायला पाय आवळून घ्यायचा आणि पुन्हा बसायचा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण बाईंनी ती कापलेली टोपी हातात घेतली, बोटांनी चाचपली आणि विचारलं की ही कुणी विणली. मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, इतकी जाड होती म्हणून कवटी वाचली, नाहीतर आपण बोलत बसलो नसतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला ओरडून सांगावंसं वाटलं की बाई, हात काढा.

चौथ्या दिवशी सकाळी लेकीनं डोळे उघडले. मी पाण्यात बोळा भिजवून तिच्या ओठांना लावत होते. ती माझ्याकडे बघत होती. मग बारीक आवाजात म्हणाली, "आई, ससा घावला का?"

मी म्हटलं, न्हाई माय, पळून गेला.

ती म्हणाली, "बरं झालं."

मी बाहेर ओट्यावर गेले आणि पोरीच्या बापाला सांगितलं की ती बोलली. तो भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखा रडला. ती वाचली, पण डाव्या कानानं तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. शाळेत ती उजवा कान बाईंकडे करून बसायची, अजूनही कुणी बोललं की तिची मान आपोआप वळते.

ही गोष्ट टोळीनं सगळीकडे नेली, आणि नेता नेता तिला भलताच आकार आला. आईनं टोपी विणली म्हणून पोरगी वाचली. गावात बायका पोरींना माझ्याकडे शिकायला पाठवायला लागल्या. पुढं पाऊस पडला, बायकांची संस्था उभी राहिली, तेव्हा मला पुढं करताना हीच गोष्ट सांगितली गेली. एका बैठकीत साहेब लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. आणि पोरीच्या बापाकडे लोक एका वेगळ्या नजरेनं बघायचे. स्वतःच्या लेकरावर दांडकं टाकलेला माणूस. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, कुनीतरी हाळी दिली अन् मी फेकलं. कुणीतरी. त्या वेळी सगळ्याच बायका ओरडत होत्या, त्यामुळे कोण, हे कुणी विचारलं नाही. मला वाटायचं, त्यालाही माहीत नाही. मला वाटू देणं सोयीचं होतं.

दूध संस्था पुन्हा सुरू झाली त्या दिवशी तो जुना शर्ट घालून निघाला. दारात चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "दुसऱ्या कुनी हाळी दिली असती तर मी फेकलंच नसतं. तुजी नजर पक्की म्हनून फेकलं." एवढं बोलून तो गेला. संध्याकाळी आला तेव्हा फॅट मोजायचं यंत्र बिघडल्याबद्दल बोलत होता. त्यानंतर आयुष्यभर त्यानं हा विषय काढला नाही. कुत्रं हाकलायलाही त्यानं कधी काठी उचलली नाही. लेक मोठी झाली, तिच्यासमोर मान खाली घालून वावरला, पण आईचं नाव घेतलं नाही. तीन वर्षांपूर्वी तो वारला. शेवटच्या आजारपणात लेक त्याच्या उशाशी होती. तो तिला म्हणत होता, मला माफ कर माय. ती म्हणत होती, बापू, असं काय बोलता, चुकून झालं. मी तिथंच, पायाशी उभी होते. तेव्हाही मी बोलले नाही. माझ्यासारखी नालायक बाई मी दुसरी बघितली नाही.

आता ते फोनवरचं वाक्य. टोपीचं बोलून झाल्यावर लेक म्हणाली, "आई, मला त्या दिवसाचं बाकी काही आठवत नाही. मी ससा बघायला उसात शिरले होते आणि मला वाट सापडत नव्हती. मग तू हाक मारलीस. तुझा आवाज आला म्हणून मी उठून उभी राहिले." मग म्हणाली, "माझ्या डाव्या कानानं शेवटची ऐकली ती तुझीच हाक." हे ती लाडानं म्हणाली. इतकी वर्षं तिनं ते जपून ठेवलं होतं, आणि आता ती स्वतः आई झाली म्हणून मला दिलं. मी म्हटलं, हो, आणि फोन ठेवला.

मी तिला हाक मारली नव्हती. तिला मारायला सांगत होते. ती माझा आवाज ओळखून उभी राहिली आणि मी माझ्या हाताचं काम ओळखलं नाही.

टोपी काल झाली. ससाच आहे, कान दुहेरी आहेत, सगळे मुके खांब. पण लाल आहे. तो मफलर मी इतकी वर्षं गाठोड्यात ठेवला होता, तो उसवून विणली. लाल ससा नसतो, हे ती पुन्हा म्हणेल. म्हणू दे. विणताना ओळ संपली की हात थांबत होता, पण सुई धरायला कुणी नव्हतं.

उद्या नेकनूरला जाऊन पार्सल करायचं आहे. टोपीत या वेळी मी पेपरचा बोळा भरलेला नाही. लिहिलेले हे कागद घडी करून आत घातले आहेत, आकार नीट बसला आहे. पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे की आतला कागद फेकायचा नाही, आधी वाचायचा, मग टोपी पोरीला घालायची की नाही ते ठरवायचं.